जमा-खर्च : भाकरीची लाज कुणाला?



या सदरात आजवर आपण विहाराच्या वर्गणीचा, लग्नातल्या मानपानाचा आणि बचत गटाच्या व्याजाचा हिशेब मांडला. आज शाळेतल्या एका ताटाचा हिशेब मांडायचा आहे. त्यात माझी स्वतःची एक चूकही नोंदवायची आहे. हिशेब लिहिणाऱ्याने आपली चूक खोडरबराने पुसायची नसते, ती लाल शाईने दुरुस्त करायची असते, असे आमच्या कचेरीतले जुने हेडक्लार्क सांगत. तेव्हा लाल शाईनेच सुरुवात करतो.

मी आमच्या भागातल्या एका प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून आहे. पटावर ९४ मुले. निम्म्याहून अधिक आपल्या वस्तीतली आणि शेजारच्या मातंग वस्तीतली. कुणाचे वडील हमाल, कुणाचे गवंड्याच्या हाताखाली, कुणाची आई खुरपणीला. आमचा तालुका अवर्षणप्रवण. पाऊस वर्षाआड दगा देतो. जमीन काळी, पीक रब्बी ज्वारीचे.

२०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. त्या वर्षी आमच्या शाळेतही पोरांची प्रभातफेरी निघाली. हातात फलक, तोंडात ज्वारी-बाजरीच्या घोषणा. फेरी शाळेत परतली, मुले ताटे घेऊन ओळीने बसली आणि ताटात पडली तांदळाची खिचडी! मला हसू आले आणि रागही आला. आजूबाजूच्या रानात ज्वारी, घोषणेत ज्वारी, भिंतीवरच्या चित्रात ज्वारी. फक्त लेकराच्या ताटात ज्वारी नाही.

समितीच्या पुढच्याच बैठकीत मी ठराव मांडला. दर बुधवारी मुलांना ज्वारीची भाकरी आणि पिठले द्यावे. धान्य लोकसहभागातून गोळा करावे. ठराव एकमताने मंजूर झाला. मी तो सुवाच्य अक्षरात इतिवृत्तात लिहिला. टाळ्या पडल्या. समितीचे अध्यक्ष शेतकरी आहेत. त्यांनी तिथल्या तिथे एक पोते ज्वारी जाहीर केली. मी घरी येऊन आईला मोठ्या अभिमानाने सांगितले. आई काही बोलली नाही. तिने नुसते माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ मला पुढे कळला.

पहिला बुधवार उजाडला. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या दोघीजणी. एक आपल्याच वस्तीतली मावशी, दुसरी शेजारच्या वस्तीतली. त्या पहाटे साडेपाचला शाळेत आल्या, तरी बारा वाजता भाकऱ्या पुऱ्या पडल्या नाहीत. सकाळी थापलेल्या भाकऱ्या जेवणाच्या वेळेपर्यंत वातड झाल्या. पहिली-दुसरीच्या पोरांना तुकडा तुटेना. कित्येकांनी पिठले चाटले आणि भाकरी ताटात तशीच ठेवली. त्या दिवशी शाळेमागच्या कुत्र्यांची चंगळ झाली.

दुसऱ्या बुधवारीही तेच. तिसऱ्या बुधवारी मावशीने मला फाटकात गाठले. म्हणाली, "दादा, कागदावर भाकरी थापायला हात भाजत नाहीत. ठराव करायच्या आधी आम्हाला एका शब्दाने इचारलं असतं तर?"

मी गप्प झालो. मी बीकॉम झालेला माणूस. एवढा साधा हिशेब मला करता आला नव्हता. तो त्या रात्री केला. शासनाच्या नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य. म्हणजे साधारण एक भाकरी. ९४ मुलांच्या ९४ भाकऱ्या. एका भाकरीला थापणे, भाजणे, पापुद्रा येईपर्यंत शेकणे असे तीन मिनिटे धरले तर २८२ मिनिटे. दोन तवे एका वेळी चालले तरी १४१ मिनिटे, म्हणजे जवळजवळ अडीच तास. त्यात पीठ मळणे, पिठले, भांडी, झाडलोट धरलेली नाही. आणि या कष्टाचे मोल काय? महाराष्ट्रात या भगिनींचे मानधन २०२३ साली १५०० रुपयांवरून २५०० रुपये झाले. तेही महिन्याला! समितीत बसून आम्ही त्यांच्यावर अडीच तासांचे काम वाढवले आणि टाळ्या मात्र आम्हीच घेतल्या. ही माझी पहिली चूक.

दुसरी गोष्ट याहून अवघड होती. रविवारी विहारात वंदना झाल्यावर आमच्या वस्तीतले एक वडीलधारे आप्पा मला म्हणाले, "का रं, आमच्या बापजाद्यांनी बलुत्याची भाकर मागितली, दारोदार कोरभर तुकडा गोळा केला. बाबासाहेबांनी सांगितलं, ते सोडलं. घरात गहू-तांदूळ आला तेव्हा वाटलं, माणसात आलो. आणि तू पोरांच्या ताटात पुन्हा तीच भाकर वाढायला निघालास?"

बंधूंनो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. धान्याला चव असते तशी आठवणही असते. माझ्या आईला विचारा. १९७२ च्या दुष्काळात ती चौदा वर्षांची होती. दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई. कामावर सुकडी मिळे. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी मिळे, तिला सारे ‘मिलो’ म्हणत. तिकडे ती जनावरांना घालतात, असे लोक एकमेकांना सांगत आणि तरीही खात. कारण दुसरे काही नव्हते. आई म्हणते, त्या भाकरीचा वास अजून नाकात आहे. पुढे १५ ऑगस्ट १९९५ पासून देशात शालेय पोषण आहार योजना सुरू झाली. सुरुवातीला आपल्याकडे शिजवलेले अन्न नव्हते. हजेरी भरली की मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळे. माझी धाकटी बहीण पिशवीत तो तांदूळ घेऊन आली, त्या दिवशी आईने शेजारीपाजारी वाटीवाटी भात दिला होता. आमच्या घरात तोवर भात म्हणजे सणाचे जेवण. मी भाकरीचा ठराव सांगितला तेव्हा आई गप्प का राहिली, ते आता कळले. तिच्या डोळ्यांपुढे तो तांदूळ होता.

मग प्रश्न असा की आप्पांचे खरे का माझे? मी पुष्कळ विचार केला. माझे उत्तर असे आहे. आपल्या माणसांना लाज ज्वारीने आणली नाही. लाज आणली ती मागून खाण्याने, उष्ट्याने, दुसऱ्याच्या उपकाराने. ज्या महाराने, मांगाने त्या ज्वारीची पेरणी केली, राखण केली, कापणी-मळणी केली, त्यालाच खळ्यावर हात पसरावा लागला, हा अन्याय व्यवस्थेचा होता. धान्य निर्दोष आहे.

मंगळवेढ्याचे उदाहरण घ्या. सोलापूर जिल्ह्यातला हा तालुका ज्वारीचे कोठार म्हणून ओळखला जातो. तिथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच मंगळवेढ्यात इ. स. १३३८ च्या सुमारास गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून संत चोखामेळा आणि त्यांच्यासोबतचे मजूर गाडले गेले. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांविषयीचा आपला इंग्रजी ग्रंथ ज्या तिघांना अर्पण केला, त्यांत नंदनार आणि रविदास यांच्याबरोबर चोखामेळा आहेत. ज्या मातीत आपल्या माणसाची हाडे मिसळली, त्या मातीतल्या दाण्याची लाज आपण बाळगायची? उलट तो दाणा हक्काने मागायला हवा. बलुते म्हणून नव्हे, नागरिक म्हणून.

आता या धान्याचे गुण थोडक्यात सांगतो, कारण आईबापांना ते ठाऊक हवेत.

रब्बी ज्वारी पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि हिवाळ्यातल्या दवावर ती येते. तिची मुळे खोल जातात. पानावर मेणासारखा थर असतो. पाणी कमी पडले तर पान गुंडाळी करून घेते, वाढ थांबवते आणि ओल मिळाली की पुन्हा उभे राहते. बाजरी तर त्याहून काटक. नगर-बीडकडच्या हलक्या, मुरमाड रानात ती तग धरते. कोकणात डोंगरउतारावर नाचणी येते. भाताला नि उसाला जे पाणी लागते, त्याच्या कितीतरी कमी पाण्यावर ही धान्ये घर चालवतात, आणि ज्वारीचा कडबा वर जनावराला मिळतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने प्यायचे पाणी न्यावे लागले होते. अशा मुलखात कोणते पीक शहाणपणाचे, हे सांगायला पंडित नको.

अन्न म्हणूनही ती उणी नाहीत. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते दहा मिलिग्रॅमच्या घरात. बाजरीत १०० ग्रॅममागे सहा मिलिग्रॅमहून अधिक लोह असते, सडलेल्या तांदळात एक मिलिग्रॅमही नसते. आपल्या वस्तीत डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहा, किती मुली पांढुरक्या दिसतात! त्यांना लोह हवे. त्यावर लिंबू पिळले, चिंच घातली की ते लोह अंगी लागायला मदत होते. मात्र एक सावधगिरी. नाचणीला मोड आणून सत्त्व करावे, पण ज्वारीला मोड आणून मुलांना देऊ नये. कोवळ्या ज्वारीचे पोंगे खाल्ले की जनावराला विषबाधा होते, हे शेतकऱ्याला माहीत आहे. मोडातही तोच दोष असतो. आणि बाजरीचे पीठ चारआठ दिवसांत कडवट होते, म्हणून दळण थोडे थोडे आणावे.

एवढे गुण असून ही धान्ये शाळेच्या कोठीत का नाहीत? कारण सरकारी खरेदी, साठवण आणि रेशन यांची सारी घडी गहू-तांदळावर बसली आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो असा दर ठरवला. म्हणजे कायद्यात ज्वारी होती, दुकानात मात्र क्वचितच आली. २०२४-२५ च्या हंगामाला केंद्राने हमीभाव जाहीर केले ते असे : साधारण भात क्विंटलला २३०० रुपये, बाजरी २६२५, संकरित ज्वारी ३३७१, नाचणी ४२९०. कागदावर ज्वारीला भातापेक्षा जास्त भाव आहे. पण खरेदी केंद्रच नसेल तर त्या भावाचा कोरडवाहू शेतकऱ्याला काय उपयोग? शाळांनी दर आठवड्याला ज्वारी मागितली, शासनाने ती तालुक्यातूनच घेतली, तर लेकराचे पोट आणि कोरडवाहू शेतकऱ्याचे घर, दोन्हींची सोय होईल. आपल्यातल्याही कित्येकांकडे दोन-चार एकर कोरडवाहू तुकडा आहेच.

आता शासन या धान्यांना ‘श्री अन्न’ म्हणते. नाव बदलले म्हणजे ताट बदलले असे होत नाही. २०२४ साली राज्याने शाळांसाठी पंधरा पाककृतींची यादी काढली, त्यात नाचणीचे सत्त्व होते, ही चांगली गोष्ट. पण बाकी यादीवर राज्य तांदळाचेच. त्यातच नोव्हेंबर २०२३ मध्ये आहारात आलेल्या अंड्याला आणि गोड पदार्थांच्या साखरेला वेगळा निधी मिळणार नाही, असे जानेवारी २०२५ मध्ये ठरले. म्हणून सांगतो, ज्वारी-नाचणीचे गोडवे गाताना डोळे उघडे ठेवा. ज्वारी हवी ती तांदळाच्या जागी, डाळीच्या आणि अंड्याच्या जागी नव्हे. एक घालून दोन काढून घेतले तर हिशेब तोट्याचाच.

आता त्या बुधवारांतली तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत जास्त टोचली. भाकरीच्या पहिल्या दिवसापासून वरच्या आळीतली चार मुले जेवायला बसेनात. एकाचे पोट दुखते, एकाला भूक नाही, एकाचा उपवास. तांदळाची खिचडी होती तेव्हा हीच मुले बिनतक्रार जेवत होती. बाई बुचकळ्यात पडल्या. मावशीच्या मात्र लगेच ध्यानात आले. ती म्हणाली, "खिचडी पळीनं ढवळतात दादा. भाकर तळहातानं थापतात."

वाचकहो, या एका वाक्यात सारा जातिभेद आला. पातेल्यात तांदूळ टाकला, झाकण ठेवले, पळीने वाढला. स्वयंपाक कुणी केला याकडे डोळेझाक करता येते. भाकरीवर थापणारीची पाचही बोटे उमटलेली असतात. त्या चार लेकरांना हे घरातून शिकवले गेले होते. सात-आठ वर्षांच्या पोरांचा त्यात काय दोष?

हे फक्त आमच्याकडचे नाही. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडात चंपावत जिल्ह्यातल्या सुखीढांग इथे शाळेतल्या दलित भोजनमातेच्या हातचे अन्न सवर्ण मुलांनी नाकारले. तिला कामावरून काढले, मग देशभर गवगवा झाल्यावर परत घ्यावे लागले. याचसाठी सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ रोजी आदेश दिला होता की शाळेच्या स्वयंपाकाच्या कामात दलित, अनुसूचित जाती आणि जमातीच्या व्यक्तींना प्राधान्य द्यावे. त्याआधी २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने कोरडे धान्य वाटण्याऐवजी शिजवलेले जेवण देणे राज्यांवर बंधनकारक झाले होते. न्यायालयाच्या नजरेत हे नुसते पोट भरण्याचे काम नव्हते. एका ओळीत, एका हातचे जेवण हा संविधानाच्या १७ व्या कलमाचा धडा होता.

बाबासाहेब लहानपणी शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसत. शिपाई असेल तरच त्यांना पाणी मिळे. शिपाई नाही तर पाणी नाही. पुढे २० मार्च १९२७ रोजी त्यांनी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला. पाण्याची ती लढाई आपण वाचतो, भाषणात सांगतो. आज आपल्याच शाळेत भाकरीची लढाई समोर आली असताना मी मात्र इतिवृत्त लिहीत बसलो होतो!

मग आम्ही काय केले? आधी मी दोन्ही भगिनींची माफी मागितली. मग समितीची बैठक स्वयंपाकघरात घेतली आणि त्यांना बोलायला सांगितले. मावशीने पाच मिनिटांत मार्ग काढला. म्हणाली, "रोजची भाकरी नको. ज्वारीच्या कण्या करू. गिरणीतून भरड काढून आणा. रात्री भिजत घातल्या की सकाळी डाळ-भाजी घालून खिचडीसारख्या एका पातेल्यात होतात. थंडीत बाजरीची खिचडी करू. उन्हाळ्यात ताकातली आंबील. आणि भाकरी महिन्यातून एकदाच करू, पण त्या दिवशी चार आया मदतीला पाठवा." ठराव पुन्हा लिहिला. या वेळी तो तिच्या शब्दांत लिहिला.

नवा आरंभ ३ जानेवारी २०२४ ला, क्रांतीज्योती सावित्रीमाईंच्या जयंतीला करायचा ठरला. त्या दिवशी नेमका बुधवारच होता. आणि दिवसही योग्य होता. १८७७ च्या भयंकर दुष्काळात सावित्रीमाई जुन्नर-ओतूरकडे काम करीत होत्या. तिथून २० एप्रिल १८७७ रोजी त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र आजही उपलब्ध आहे. त्याच वर्षी सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला. मद्रास महापालिकेने १९२० मध्ये जस्टिस पक्षाच्या पुढाकाराने एका शाळेत जेवण सुरू केले, त्याच्याही कितीतरी आधीची ही गोष्ट. दुष्काळात लेकराला आधी अन्न, हा धडा आपल्याला फुले दाम्पत्याने घालून दिला आहे.

त्याहूनही मागे गेलो तर तथागतांची आळवीची कथा आहे. एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधून, दमून, उपाशीपोटी धम्म ऐकायला आला. सारे जमले होते, तरी भगवान बुद्ध त्याच्यासाठी थांबले. त्याला आधी जेवू घालायला सांगितले आणि तो जेवल्यावरच देशना सुरू केली. त्या प्रसंगी त्यांनी भुकेला रोगांमध्ये सर्वांत मोठा रोग मानले. शाळेत फळ्याआधी ताट का, याचे उत्तर अडीच हजार वर्षांपूर्वी दिलेले आहे.

तर त्या ३ जानेवारीला बाजरीची खिचडी झाली, तीळ घातलेली, वर लिंबाची फोड. सोबत हौसेने थोड्या भाकऱ्या. शाळेत चव नोंदवही असते. मुलांना वाढण्याआधी अन्न चाखून तिच्यात नोंद करायची असते. त्या दिवशी समितीच्या साऱ्यांनी ओळीत बसून चव घ्यायची, असे आम्ही ठरवले होते. अध्यक्ष वरच्या आळीतले, जुन्या घरातले. ज्वारी त्यांनीच दिलेली. ते येतील का, याची मला शंका होती. ते आले. मावशीच्या समोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "मावशी, मला खिचडी नंतर, आधी भाकर वाढा." मावशीने तव्यावरची भाकरी हातानेच त्यांच्या ताटात ठेवली. त्यांनी ती चुरली आणि मुकाट्याने खाल्ली. कुणी भाषण केले नाही. त्यांचा नातू त्या चौघांपैकी एक होता. तो आजोबांकडे बघत बघत त्यांच्या शेजारी येऊन बसला.

त्या महिन्यात चारांपैकी तिघे जेवायला बसू लागले. चौथा शेवटपर्यंत घरचा डबा आणत राहिला. त्याच्या नावापुढे मी ‘येणे बाकी’ असे मनात लिहून ठेवले आहे. आणि आप्पा? त्यांची नात पहिलीत आहे. एके दिवशी ते शाळेच्या फाटकापाशी उभे दिसले. मी म्हटले, "आप्पा, आत या, कण्या खाऊन बघा." ते म्हणाले, "पोरगी घरी येऊन कण्या मागती, म्हणून बघायला आलो." बसून जेवले आणि जाताना म्हणाले, "बलुत्याच्या भाकरीला मीठ नव्हतं रं. हिला हाय."

आता उरलेला हिशेब. ९४ मुलांना आठवड्यातून एक दिवस १०० ग्रॅमप्रमाणे ९ किलो ४०० ग्रॅम लागतात. महिन्याचे चार बुधवार धरले तर ३७ किलो ६०० ग्रॅम. घरटी एक मूल धरले तर घरामागे ४०० ग्रॅम. एवढे आमच्यासारख्या गरिबांनाही जड नाही. शाळेत ‘स्नेहभोजन’ देण्याची तरतूद योजनेत आहेच. वाढदिवसाला, पुण्यानुमोदनाला केक-मिठाईवर जाणारा पैसा तिकडे वळवता येतो.

पण थांबा! इथेच माझी तुम्हाला एक विनंती आहे. आपल्या ४०० ग्रॅमवर शासनाला मोकळे सोडू नका. उदाहरण घालून देण्यापुरती आपली मूठ, पुढची जबाबदारी सरकारची. ज्या वर्षी पाऊस बुडेल त्या वर्षी आपलीच कणगी रिकामी असेल, आणि नेमकी त्याच वर्षी मुलांना शाळेतल्या ताटाची सर्वांत जास्त गरज असेल. १३ मे २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळेचे जेवण चालू ठेवायला सांगितले होते. सोबत आठवड्यातून पाच दिवस, निदान तीन दिवस, अंडे किंवा दूध अथवा तसाच पूरक आहार द्यावा, असेही त्यात होते. हा निकाल आपल्या किती पालकांना माहीत आहे? दुष्काळ जाहीर झाला की टँकर मागायला आपण मोर्चा काढतो. त्याच मोर्चात शाळेच्या ताटाची मागणी घाला.

तेव्हा कामे चार. एक, शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. आपल्या बायाबापड्यांनी, विशेषतः मातांनी, तिथे नुसती सही न करता बसावे, बोलावे. दोन, आठवड्यातून एक दिवस ज्वारी, बाजरी किंवा नाचणी शासनानेच पुरवावी, असा ठराव करून तो गटशिक्षणाधिकाऱ्याकडे पोचवावा आणि पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज! तीन, कोणताही पदार्थ ठरवण्याआधी तो शिजवणाऱ्या भगिनीला विचारावे आणि तिचे मानधन वेळेवर मिळते का, हेही विचारावे. चार, घरी पोराने डब्यातली भाकरी लपवली तर त्याला रागावू नका. त्याला जवळ घ्या आणि ही भाकरी कोणाच्या घामाची आहे ते सांगा.

शेवटी जमा-खर्च. खर्चाला तीन वाया गेलेले बुधवार आणि माझा थोडा अहंकार. जमेला एक पातेले कण्या, ओळीत बसलेली ९३ मुले आणि मावशीच्या तळहाताचा मान. येणे बाकी एक. ती बाकी वसूल होईपर्यंत हे खाते बंद करायचे नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!